पदव्यांच्या पलीकडचे डॉ. जिचकार

१९७२ च्या दुष्काळाचा विषय धाराशिव जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील, जुन्या मंडळींच्या बोलण्यात आजही हटकून निघतो. पाझर तलावांची आणि रस्त्यांची दुष्काळी कामे, खडी फोडून सोललेले हात, कामावर वाटली जाणारी सुकडी, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी. त्या पिढीचे निम्मे आयुष्य पोट भरण्याच्या विवंचनेत गेले. कमी खाण्याचा सल्ला तिला कोणी दिला असता, तर ती क्रूर थट्टाच ठरली असती. परंतु पुढच्या अवघ्या चाळीस वर्षांत याच मुलखात वजन कसे उतरवावे आणि मधुमेह कसा रोखावा, हे ऐकण्यासाठी माणसे सभागृहांत गर्दी करू लागली. ज्या विचाराभोवती ही गर्दी जमू लागली, त्याचा मूळ प्रवर्तक तोवर हयात नव्हता. तो ना या जिल्ह्याचा होता, ना रूढ अर्थाने व्यवसाय करणारा डॉक्टर. तो विदर्भातला एक राजकारणी होता आणि देशाला त्याची ओळख होती ती सर्वाधिक पदव्या मिळवणारा माणूस म्हणून. डॉ. श्रीकांत जिचकार हे त्यांचे नाव.

जिचकारांचा जन्म १४ सप्टेंबर १९५४ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोलजवळच्या आजनगाव येथे झाला. काटोल म्हणजे संत्र्यांच्या बागांचा प्रदेश. शेतीचे संस्कार आणि शिक्षणाची ओढ या दोन्ही गोष्टी त्यांना तेथूनच मिळाल्या. नागपुरात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले, एमबीबीएस आणि पुढे एमडी या पदव्या मिळवल्या. एखाद्याने एवढ्यावर समाधान मानले असते, दवाखान्याची पाटी लावली असती आणि सुखाचा संसार केला असता. जिचकारांच्या बाबतीत मात्र ती केवळ सुरुवात होती.

१९७३ ते १९९० या काळात दर उन्हाळ्यात आणि दर हिवाळ्यात ते कोणत्या ना कोणत्या परीक्षेला बसत राहिले. विद्यापीठाच्या अशा ४२ परीक्षा त्यांनी दिल्या आणि २० पदव्या मिळवल्या, अशी त्यांच्या नावावरची नोंद आहे. त्यांत कायद्याची पदवी आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातील पदव्युत्तर पदवी होती, व्यवसाय व्यवस्थापन होते, पत्रकारिता होती. लोकप्रशासन, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, संस्कृत, इतिहास, इंग्रजी साहित्य, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, तसेच प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व अशा दहा विषयांत त्यांनी एम.ए. केले. संस्कृतात डी.लिट. ही सर्वोच्च पदवीही संपादन केली. बहुतेक परीक्षांत ते प्रथम श्रेणीत आले आणि अनेक सुवर्णपदकांचे मानकरी ठरले. पदव्यांचा असा संग्रह हा अनेकांना छंद वाटला, काहींना हव्यास वाटला. परंतु वैद्यक शिकलेल्या माणसाला कायदा, अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान या साऱ्यांची एकाच वेळी गरज का वाटावी, याचे उत्तर त्यांच्या उत्तरायुष्यात सापडते. एका शास्त्राची भाषा दुसऱ्या शास्त्राच्या माणसाला समजावून सांगण्याची विलक्षण हातोटी त्यांना याच अभ्यासातून लाभली.

परीक्षांच्या या मालिकेतच त्यांनी १९७८ मध्ये भारतीय पोलीस सेवेत प्रवेश मिळवला आणि लवकरच राजीनामा दिला. १९८० मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि अवघ्या काही महिन्यांत तीही नोकरी सोडली. मध्यमवर्गीय मराठी घरांत आयएएस होणे म्हणजे आयुष्याचे सार्थक मानले जाते. तेथे ही बातमी कशी पोहोचली असेल याची कल्पनाच केलेली बरी. नोकरी सोडण्याचे कारण निवडणूक हे होते. त्याच वर्षी काटोल मतदारसंघातून काँग्रेसच्या उमेदवारीवर ते विधानसभेवर निवडून गेले, तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. देशातील सर्वांत तरुण आमदार म्हणून त्यांचे नाव तेव्हा गाजले. पुढे राज्यमंत्री म्हणून एकाच वेळी १४ खात्यांचा कारभार त्यांनी पाहिला. १९८६ ते १९९२ या काळात ते विधान परिषदेचे आणि १९९२ ते १९९८ या काळात राज्यसभेचे सदस्य होते.

या राजकीय प्रवासाविषयी फार लिहिण्यासारखे असले, तरी येथे एवढेच पुरे की, विद्वत्तेच्या मानाने सत्तेने त्यांना हात आखडताच दिला. लोकसभेवर निवडून जाणे त्यांना अखेरपर्यंत साधले नाही. मतदारसंघाची गणिते आणि विद्यापीठाची गणिते वेगळी असतात, हा धडा कोणत्याही पदवीत शिकवला जात नाही. चित्रकला, छायाचित्रण, रंगभूमी या छंदांत ते रमत. घरी ५२ हजार ग्रंथांचा संग्रह असल्याचे सांगितले जात असे. नागपुरात त्यांनी सांदीपनी ही शाळा सुरू केली. वैदिक परंपरेचा अभ्यास त्यांनी पुस्तकापुरता ठेवला नाही. घरी अग्निहोत्र बाळगले आणि सोमयागही केले.

आणि याच काळात, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, हा बहुश्रुत माणूस पुन्हा आपल्या पहिल्या विद्येकडे, वैद्यकाकडे वळला. विषय होता लठ्ठपणा आणि मधुमेह.

तो काळ लक्षात घेतल्याखेरीज जिचकारांच्या त्या व्याख्यानांचे महत्त्व ध्यानी येणार नाही. लठ्ठपणावर औषध शोधण्याच्या प्रयत्नांना तोवर साठ वर्षे होत आली होती. १९३० च्या दशकात ॲम्फेटामाइन हे द्रव्य भूक मारते असे ध्यानात आले आणि पुढे कित्येक वर्षे पाश्चात्त्य देशांतील डॉक्टर ते वजन उतरवण्यासाठी लिहून देत राहिले. त्याची सवय जडते, हृदयावर ताण येतो, मन अस्थिर होते, हे कळेपर्यंत बराच उशीर झाला. त्यानंतर फेनफ्ल्युरामीन आणि फेंटरमीन या दोन औषधांच्या जोडीने अमेरिकेत कहर केला. १९९० च्या दशकाच्या मध्यास लक्षावधी लोक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ही जोडी घेत होते. १९९७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी, ही औषधे घेणाऱ्या २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपांत बिघाड आढळल्याचे जाहीर केले आणि सप्टेंबरमध्ये फेनफ्ल्युरामीन व त्याचे भावंड डेक्सफेनफ्ल्युरामीन बाजारातून मागे घेण्यात आले. भारतानेही १९९८ मध्ये त्यांवर बंदी घातली. पाठोपाठ सिब्युट्रामीन आले. सुमारे दहा हजार रुग्णांवरील दीर्घ चाचणीत, हृदयविकार असलेल्यांमध्ये त्यामुळे हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढतात असे दिसले. २०१० मध्ये ते पाश्चात्त्य देशांतून आणि २०११ मध्ये भारतातूनही गेले. भुकेला बाहेरून लगाम घालणारी औषधे अशी एकामागून एक परीक्षेला बसत होती आणि एकामागून एक नापास होत होती.

दुसरीकडे आहाराचा सर्वमान्य सल्ला होता तो थोडे थोडे, पण वारंवार खाण्याचा. दर दोन-तीन तासांनी काहीतरी तोंडात टाकावे, म्हणजे एकदम भूक लागणार नाही, असे मधुमेही रुग्णांना सर्रास सांगितले जाई. जिचकारांनी नेमक्या याच सल्ल्याला हात घातला.

त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे होते. माणूस जेव्हा जेव्हा काही खातो, तेव्हा तेव्हा स्वादुपिंडातून इन्सुलिन रक्तात येते. इन्सुलिनचे काम साखर पेशींत पोहोचवणे एवढेच नाही. शरीरातील चरबीच्या कोठाराला कुलूप लावण्याचेही काम तेच करते. दिवसभर चहा, बिस्कीट, फरसाण, फळ असे काही ना काही चालू राहिले, तर इन्सुलिनची पातळी सतत चढी राहते, कोठाराचे कुलूप उघडतच नाही आणि चरबी साठतच जाते. पुढे पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. त्यातून मधुमेह येतो. यावर उपाय म्हणजे खाण्याच्या वेळा मोजक्या करणे. ज्या दोन वेळांना खरी, कडकडून भूक लागते त्या ओळखाव्यात, त्या दोनच वेळा जेवावे, हवे ते व पोटभर जेवावे, आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे. एरव्ही काही खाऊ नये. यासाठी औषध नको, महागडे खाद्यपदार्थ नकोत, उष्मांकांचे तक्ते नकोत.

यातील शरीरशास्त्र जिचकारांनी शोधलेले नव्हते, हे नि:संदिग्धपणे सांगितले पाहिजे. प्रौढ वयातील मधुमेह्यांच्या रक्तात इन्सुलिन अनेकदा कमी नसून जास्तच असते, हे रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास दाखवले होते. इन्सुलिनला पेशींनी दाद न देणे हे मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांचे समान मूळ असावे, असा सिद्धांत जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये मांडला होता. वैद्यकाच्या नियतकालिकांत असलेले हे ज्ञान चुलीपर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र जिचकारांनी केले. स्वादुपिंड, यकृत आणि चरबी यांचे नाते सामान्य श्रोत्याला शुद्ध मराठीत उलगडून सांगणारा असा दुसरा वक्ता त्या काळी नव्हता, असे म्हटले तर वावगे ठरू नये. कायद्याच्या अभ्यासाने आलेली युक्तिवादाची शिस्त, तत्त्वज्ञानाने आलेली मूळ प्रश्नाकडे जाण्याची सवय आणि राजकारणाने आलेले सभेचे भान, हे सारे त्या व्याख्यानांत एकवटले होते.

त्यांच्या मांडणीतील खरी ठिणगी भुकेविषयीची होती. आपण जिला भूक म्हणतो, तिच्यातील बराचसा भाग सवयीचा असतो, हे त्यांचे निरीक्षण. चार वाजता चहाबरोबर काही हवेसे वाटते ते शरीराला गरज असते म्हणून नव्हे, तर रोज चार वाजता आपण खातो म्हणून. विज्ञान या निष्कर्षापर्यंत त्याच सुमारास वेगळ्या वाटेने येत होते. १९९४ मध्ये चरबीच्या पेशींतून स्रवणारे आणि मेंदूला तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन सापडले. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी जठरातून स्रवणारे, भूक चेतवणारे घ्रेलिन शोधले. ते रक्तात नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी, जणू गजर लावल्यासारखे, वाढते आणि जेवणाच्या वेळा बदलल्या की काही काळाने आपला गजरही बदलते, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. दोन जेवणांवर आलेल्या माणसाला पहिले काही दिवस त्रास होतो आणि मग मधली भूक जणू नाहीशी होते, या अनुभवाचे हे एक स्पष्टीकरण ठरू शकते.

तरीही एका गोष्टीचा खेद वाटल्यावाचून राहत नाही. ज्या माणसाने आयुष्यात ४२ परीक्षा दिल्या, त्याच्या या विचाराची त्याच्या हयातीत एकही परीक्षा झाली नाही. किती लोकांनी तो अंगीकारला, त्यांचे वजन किती उतरले, रक्तातील साखर किती घटली, किती जणांनी मध्येच सोडले आणि कोणाला अपाय झाला, याची पद्धतशीर नोंद करणारा अभ्यास तेव्हा हाती घेतला गेला नाही. व्याख्यान ऐकून घरी जाणाऱ्या श्रोत्याच्या हाती डॉक्टरची चिठ्ठी नसते. आणि त्या श्रोत्यांत मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाराही कोणी असणारच. अशा रुग्णाने औषधाची मात्रा तशीच ठेवून अचानक मधले खाणे बंद केले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. हा धोका डॉक्टर असलेल्या जिचकारांना अपरिचित असणे शक्य नाही. परंतु सभागृह म्हणजे तपासणीची खोली नव्हे, ही त्या माध्यमाचीच मर्यादा होती. शिवाय प्रत्येक खाण्यागणिक इन्सुलिन सुटते हे खरे असले, तरी किती सुटते हे काय खाल्ले आणि किती खाल्ले यावरही पुष्कळ अवलंबून असते. खाण्याच्या वेळांवर भर देताना त्यांच्या मांडणीत ही दुसरी बाजू काहीशी झाकली गेली.

पुढे अधिक काम करण्यास अवधी मिळाला असता तर ही उणीव त्यांनीच भरून काढली असती का, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ते रामटेकमधून काँग्रेसचे उमेदवार होते आणि पराभूत झाले. निकालाला तीन आठवडेही उलटले नव्हते, तोच २ जून २००४ रोजी नागपूर-अमरावती महामार्गावर कोंढाळीजवळ मोटारीला झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. कोंढाळी हे काटोल तालुक्यातलेच गाव. ज्या तालुक्याने त्यांना पंचविशीत विधानसभेत पाठवले, त्याच तालुक्याच्या हद्दीत वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी हा प्रवास संपला. वृत्तपत्रांनी तेव्हा जे मृत्युलेख लिहिले, त्यांत पदव्यांची यादी होती, खात्यांची संख्या होती. आहाराचा उल्लेख झालाच असेल तर ओझरता.

जिचकारांची काही व्याख्याने ध्वनिमुद्रित झाली होती, एवढ्यावर पुढचा इतिहास घडला. २०१२ च्या सुमारास ती डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या ऐकण्यात आली. रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र या विषयाचे हे प्राध्यापक स्वत:च्या वाढत्या वजनाने त्रस्त होते. त्यांनी तो प्रयोग आधी स्वत:वर केला. तीन महिन्यांत आठ किलो वजन उतरले, तेव्हा हा विषय त्यांनी लोकांपुढे नेण्याचे ठरवले. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करीत असताना त्यांनी हे काम हाती घेतले आणि विनासायास वेटलॉस या नावाने ते महाराष्ट्रभर गेले.

येथे धाराशिवचा धागा पुन्हा हाती येतो. १९८२ पर्यंत लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. त्या वर्षी १६ ऑगस्टला वेगळा लातूर जिल्हा झाला. जिल्हे विभागले तरी सोयरिकी, बाजारहाट आणि दवाखाने विभागले गेले नाहीत. उमरगा, लोहारा, कळंब या भागांतील रुग्ण मोठ्या उपचारासाठी लातूर वा सोलापूर गाठत आले. धाराशिवला स्वत:चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२२ मध्ये. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव होते. अशा जिल्ह्यातील मधुमेही रुग्णाला आयुष्यभराच्या औषधांचा खर्च म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ज्या उपायाला पैसा लागत नाही, त्याकडे अशा रुग्णाने आशेने पाहावे यात नवल नव्हते.

दुष्काळी प्रदेशात मधुमेह कसा, असा प्रश्न शहरी वाचकाला पडू शकतो. त्याचे एक उत्तर पुण्यातच शोधले गेले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके युरोपीय बालकांच्या मानाने वजनाने बरीच कमी, स्नायूंनी कृश, परंतु चरबीच्या बाबतीत मात्र जवळजवळ बरोबरीची आढळली. उपासमारीच्या पिढ्यांतून आलेले असे शरीर पुढे भरपेट अन्न, साखर आणि बैठे काम यांच्या तावडीत सापडले की मधुमेहाकडे लवकर झुकते, असा या संशोधनाचा रोख आहे. वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा मराठवाड्यातील शेतकरी मधुमेहाने गाठला जातो, तो यामुळेही असू शकेल.

डॉ. दीक्षित यांनी गुरूच्या मांडणीत काही महत्त्वाची भर घातली. हा आहार सुरू करण्यापूर्वी एचबीए१सी आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन तपासून घ्यावे, रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा चालेल, अशी पथ्ये त्यांनी ठरवली. मधुमेह्यांनी गोड टाळावे आणि औषधांतील बदल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा, हे स्पष्ट केले. अठरा वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया आणि टाइप-१ मधुमेहाचे रुग्ण यांना त्यांनी यातून वगळले. व्याख्यानातल्या विचाराला तपासणीची जोड मिळाली ती अशी. २०१८ मध्ये राज्य शासनाने स्थूलताविरोधी अभियानासाठी त्यांची निवड केली आणि आहारतज्ज्ञांच्या वर्तुळात वादाला तोंड फुटले. वारंवार खाण्याचा पुरस्कार करणारे एका बाजूला, दोनदाच खाण्याचा पुरस्कार करणारे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये गोंधळलेला सामान्य माणूस, असे चित्र काही काळ घरोघरी दिसत होते. लग्नाच्या पंगतीतही हाच विषय!

दरम्यान, जिचकारांच्या मूळ कल्पनेची परीक्षा परदेशात, त्यांचे नाव ठाऊक नसलेल्यांकडून होत होती. प्रागमधील संशोधकांनी टाइप-२ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना तेवढ्याच उष्मांकांचा आहार बारा आठवडे सहा वेळांत आणि बारा आठवडे दोन वेळांत, म्हणजे न्याहारी व दुपारचे जेवण यांत, विभागून दिला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोनदा खाताना वजन सरासरी ३.७ किलोने, तर सहा वेळा खाताना २.३ किलोने घटले. हा कौल जिचकारांच्या बाजूचा होता. मात्र २०२२ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर केलेल्या चाचणीत, ठरावीक आठ तासांतच खाण्याचे बंधन घातल्याने, नुसते उष्मांक कमी करण्याच्या तुलनेत वजनात लक्षणीय फरक पडला नाही. एकूण किती खाल्ले, हा प्रश्न अशा रीतीने पुन्हा पुढे आला. घड्याळाने भूक आवरली आणि त्यामुळे खाणे घटले, तर लाभ. घड्याळ पाळून ताटात दुप्पट वाढून घेतले, तर नाही.

भुकेवरील औषधांची कथाही जिचकारांच्या मृत्यूबरोबर थांबली नाही. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करणारी नवी औषधे आली. ती जठर सावकाश रिकामे करतात आणि मेंदूला तृप्तीचा संदेश देतात. त्यांतील सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,९६१ व्यक्तींवरील चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी घटले. आधीच्या कोणत्याही गोळीला हे साधले नव्हते. भारतात टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजन उतरवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये, आठवड्याच्या इंजेक्शनच्या रूपात, दाखल झाले. ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची आहेत. मळमळ, उलट्या, क्वचित स्वादुपिंडाचा दाह, स्नायूंची झीज यांवर लक्ष ठेवावे लागते. शिवाय औषध थांबवल्यावर वर्षभरात गमावलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे दिसले आहे. जिचकार जे काम निग्रहाकडून करवून घेऊ पाहत होते, ते हे औषध संप्रेरकाकडून करवून घेते. निग्रह अनेकांना झेपत नाही, हे मान्य करावे लागेल. अतिस्थूल रुग्णाला नुसत्या निर्धाराचा उपदेश करणे हे त्याच्यावर अन्याय करणारेही ठरते. परंतु दरमहा हजारो रुपयांचे इंजेक्शन वाशी-भूमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला झेपणारे नाही, हेही तितकेच खरे.

जिचकारांच्या नावावरच्या पदव्या आता स्पर्धा परीक्षांच्या सामान्यज्ञानापुरत्या उरल्या आहेत. त्यांचे मतदारसंघ इतरांकडे गेले, खाती इतरांनी सांभाळली. घरोघरी टिकून राहिली ती दोन जेवणांची आणि ५५ मिनिटांची कल्पना, आणि तीही बहुतांशी दुसऱ्याच्या नावाने. मराठवाड्यात काय किंवा पुण्या-मुंबईत काय, बोलीभाषेत हा आहार दीक्षित डाएट म्हणूनच ओळखला जातो. डॉ. दीक्षित आपल्या व्याख्यानांत श्रेय जिचकारांना देत आले, तरी लोकांच्या तोंडचे नाव काही बदलले नाही. यात एक योगायोग दडलेला आहे. सोमयाग केल्यानंतर, परंपरेनुसार, स्वत: जिचकारांनाही दीक्षित ही उपाधी लाभली होती.